रडायला माणसं लागतात

मिल्काबाई नागावकरांबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे. त्या गेल्यानंतर आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात पानभर श्रद्धांजली आली होती, ती माझी. लोकांनी बरं म्हटलं. त्या पानात एक वाक्य आहे. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, एका फिनिश रचनेतला एकटीने म्हणायचा विलाप मिल्काबाईंकडे आला होता, पण घशाच्या तक्रारीमुळे त्यांनी तो आपणहून सोडला, असं ते वाक्य. ते खोटं आहे. त्यांचा घसा ठणठणीत होता आणि आपणहून त्यांनी काहीही सोडलं नव्हतं. लिहिताना मला हे माहीत होतं. त्याआधीही हा विषय निघाला की मी चहा करायला उठत असे. आता ऐंशी उलटली. गुडघे उठू देत नाहीत, तेव्हा बसून सांगून टाकतो.

पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या पर्स खांद्याला अडकवून गात होत्या. अंगात कोट, गळ्यात स्कार्फ, खांद्यावर काळी पर्स. चर्चच्या हॉलमधले हीटर चालू होते आणि बाकीच्या बायकांनी आपापले कोट खुर्च्यांवर टाकले होते. या मात्र आत्ता बस येईल आणि निघावं लागेल अशा उभ्या. मी रेल्वेच्या सिग्नलच्या कामातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि दिवसभर घरात कोणी डोळ्यांसमोर नको म्हणून बायकोने मला या कॉयरमध्ये घातलं होतं. खुर्च्या मांडताना एक पायावर पडली आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं.

मागून आवाज आला, "पडली का? बरं झालं. अल्टो बायकांच्या जागेत टेनर पुरुषांच्या खुर्च्या घुसवतोयस. कुठला रे तू, पुण्याचा?"

"साताऱ्याकडचा. शिकलो पुण्यात."

"तेच ते. कळवळतोस पण शुद्ध."

त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. जन्म अलिबागजवळच्या नागावचा, शाळा भायखळ्याची. लग्न होऊन इथे आल्या त्याला जमाना झालेला. एका डॉक्टरच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, त्या रिसेप्शनवर होत्या आणि हॅरोतली निम्मी म्हातारी माणसं त्यांना वचकून असत. "डॉक्टर काय, गोळ्या देतो," त्या म्हणायच्या. "कोण आजारी आणि कोण नुसता कंटाळलाय, ते मी ठरवायची." मुलांना मराठी आली नाही. नवरा सॅम्युअलभाऊ मराठी बोलायचे, पण कानाने कमी. त्यामुळे मी सापडल्यावर त्यांनी मला सोडलं नाही. दर मंगळवारी सरावानंतर मी त्यांना गाडीने घरी सोडायचो आणि त्या रस्ताभर बोलायच्या. मला तू, मी त्यांना तुम्ही. वयाने त्या सहा-सात वर्षांनी मोठ्या होत्या आणि ते त्या विसरू देत नसत.

पर्स खाली का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं.

"बाईने निघायच्या तयारीत असावं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने नागाव सोडलं तेव्हा चुलीवर भात होता. मी मुंबई सोडली तेव्हा बालदीत कपडे भिजत होते. आता तरी हातात काही असू दे."

त्यांचा आवाज सुंदर नव्हता. जाड, थोडा नाकातला, खालच्या सुरात कडक. माझ्या आवाजाबद्दल मात्र त्यांचं मत ठरलेलं होतं. "तुझा आवाज इस्त्री केलेला आहे, दिनकर. घडी मोडायला भितोस." हे त्या चारचौघांत मराठीत सांगायच्या आणि कोणी इंग्रज बाई काय म्हणालात विचारायला लागली की म्हणायच्या, "आय सेड ही हॅज अ लव्हली टोन."

लॉकडाऊनच्या पहिल्या वसंतात सॅम्युअलभाऊ हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. मिल्काबाईंना हॉस्पिटलच्या दारातूनच परत पाठवलं, मग त्याही तापाने घरात बंद. दफनाला मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी. मिल्काबाईंनी ते मुलीने पाठवलेल्या टॅब्लेटवर पाहिलं आणि अर्ध्यात चित्र गोठलं. त्यांच्यात माणूस गेलं की सात दिवस घरात बसतात, लोक येत राहतात, जेवण घेऊन येतात. ते सात दिवस त्यांनी एकटीने काढले. शेजारीण दारात सूपचा डबा ठेवायची आणि फाटकापर्यंत मागे जाऊन हात हलवायची. मी फोन केला होता. हवा कशी आहे ते विचारलं. "हवेला काय झालंय," त्या म्हणाल्या.

कॉयर पुन्हा सुरू झाली तेव्हा आमची कंडक्टर, म्हणजे संचालिका, केर्तू हिने पुढच्या कॉन्सर्टसाठी एक नवी रचना आणली. केर्तू फिनलंडची. जवळच्या शाळेत संगीत शिकवायची. उंच, कमी बोलणारी, शांत बसलेल्या माणसाला न घाबरणारी. रचना तिच्या देशातल्या, अजून हयात असलेल्या एका संगीतकार बाईंची होती. नाव फिनिश, ते आम्हाला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. देशाच्या पूर्वेकडच्या जंगलातल्या खेड्यांत बायका माणूस गेल्यावर जे रडायच्या, त्या रडण्यावर ती बांधली होती. पाच मात्रांची चाल. पुरुषांनी पायाने हळू ठेका द्यायचा. बायकांनी दोन शेजारचे सूर एकाच वेळी धरायचे. ऐकताना कानात खाज सुटल्यासारखं व्हायचं आणि थोड्या वेळाने तेच बरं वाटायला लागायचं.

केर्तूने पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. या बायका डोक्यावरचं फडकं चेहऱ्यावर ओढून, डुलत, वरून खाली उतरणाऱ्या सुरात रडत. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला दुसऱ्याच कशाची नावं द्यायची. समजूत अशी की मेलेल्यांना साधी भाषा ऐकू जात नाही, ही रडण्याची भाषा तेवढी जाते. प्रत्येक गावात एखादी बाई यात तरबेज असे आणि तिला घरोघर बोलावणं जाई.

मिल्काबाई मोठ्याने हसल्या. सगळे वळून बघायला लागले. "सॉरी," त्या म्हणाल्या. "आय नो हर." आणि मग माझ्याकडे वळून, "अरे, ही तर आमची हन्नामावशी."

गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. "नागावला कोणाकडेही माणूस गेलं की आधी हन्नामावशीला बोलवायचे. कोळ्यांकडे, आगऱ्यांकडे, आमच्याकडे. तोपर्यंत घरातल्या बायका नुसत्या बसून असायच्या, डेंटिस्टकडे बसतात तशा. ही यायची, पदर ओढायची आणि हेल काढायची. की झालं. सगळ्या मोकळ्या. मग उठून चहा टाकायची आणि म्हणायची, आता खा काहीतरी."

"तुम्हाला येतं तसं?"

"ऐकून ऐकून येतं रे. पण सोबत लागते. मागे बायका हुं हुं करायला लागतात. ते या तुझ्या केर्तूच्या बाईने बरोब्बर लिहिलंय बघ. आम्ही मागे हुं हुं करायचं."

आता त्या रचनेतली महत्त्वाची गोष्ट सांगतो. मधोमध एक जागा मोकळी सोडलेली होती. कॉयर खालचा एकच सूर धरून उभी राहते आणि नोटेशनच्या रिकाम्या ओळींवर लिहिलेलं असतं: इथे एका बाईने आपल्या भाषेत, आपल्या लोकांच्या रीतीने रडावं. तशी कोणी नसेल तर खाली छापलेली चाल गावी. केर्तूने विचारलं, कोणी आहे का? मिल्काबाईंनी हात वर केला. वर्गातल्या मुलीसारखा, कोपरातून सरळ.

त्या दिवशी घरी सोडताना दारात गाडी थांबली तरी त्या उतरेनात. मग म्हणाल्या, "यांच्यासाठी मी रडलेच नाही रे. टॅब्लेटसमोर काय रडणार? एकदा मला माणसांत उभं राहून रडायचंय. त्यांना ऐकू जायला हवं. साधं बोललेलं तर जिवंतपणी पण जात नव्हतं." आणि हसल्या. मी म्हटलं, चांगलं होईल. तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी पहिल्यांदा म्हणून दाखवलं. आधी खांद्यावरची पर्स काढली. इतक्या वर्षांत मी ती निघालेली पाहिली नव्हती. कुठे ठेवावी कळेना, तेव्हा माझ्या हातात दिली. "धर." गळ्यातला स्कार्फ डोक्यावरून पुढे ओढला. आम्ही सूर धरला.

"अरे माझ्या घराच्या आढ्या रे," त्यांनी हेल काढला, "कोणी उतरवला तुला, मला न विचारता. अरे माझ्या होडीच्या वल्ह्या रे, चष्मा इथे ठेवलास, कवळी इथे ठेवलीस, आता कोणत्या तोंडाने मला हाक मारशील. दारात अडवली रे मला, काचेतून पण दाखवला नाही तुला."

प्रत्येक ओळ वरून निघून खाली येत होती आणि खाली आल्यावर आमच्या सुरात टेकत होती. आवाज फाटत होता, पण सूर सुटत नव्हता. शेजारचा खर्जात गाणारा बेस, एक निवृत्त पोस्टमन, डोळे पुसत होता. त्याला एक अक्षर कळलेलं नव्हतं. लूसी नावाची, वरच्या सुरात गाणारी आमची तरुण सोप्रानो तोंडावर हात धरून उभी.

हॉलमध्ये शब्द कळणारा मी एकटा, आणि मी घामाने भिजलो होतो. पर्स छातीशी धरून मी विचार करत होतो तो कवळीचा. कॉन्सर्टला मी मराठी माणसं बोलावली होती. मंडळातली काही जोडपी आणि मुख्य म्हणजे मेडनहेडचे आमचे व्याही. मुलाचं लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. विहीणबाई शास्त्रीय गाणं शिकलेल्या, घरी तानपुरा, बोलणं अगदी मोजूनमापून. त्यांच्यासमोर आमच्या कॉयरची मी फार बढाई मारली होती. आणि आता त्या पहिल्या रांगेत बसून कवळी ऐकणार. हेल काढून रडणं. आमच्याकडे हे वाड्यावस्तीवरच्या बायका करतात, असं मला कोणी शिकवलं नव्हतं. तरी मी शिकलो होतो. माझे वडील गेले तेव्हा आई अशीच रडली. पुण्याहून काका, काकू, त्यांची कॉलेजातली मुलं आली होती. मी सोळा-सतरा वर्षांचा. तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, पुरे, लोक बघतायत." ती थांबली. नंतर तिला मी कधीच मोठ्याने रडताना पाहिलं नाही. याची सबब करत नाही. झालं ते सांगतो आहे.

मधल्या सुटीत चहाच्या टेबलापाशी केर्तू माझ्याजवळ आली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "तुला शब्द कळले. मला एवढंच सांग, हे लोकांसमोर करणं तुमच्यात चालतं ना? मला तिला उघडं पाडायचं नाही."

मी म्हटलं, "नाही चालत. आमच्या संस्कृतीत हे फक्त ज्या घरात माणूस गेलंय तिथे करतात. बाहेर केलं तर अशुभ मानतात. आमचे लोक उठून जातील."

"पण ती स्वतः तयार आहे."

"ती अजून दुःखात आहे. तिला आत्ता कळत नाहीये. नंतर त्रास होईल."

हे शेवटचं सगळ्यांत वाईट होतं. केर्तूने हातातला कप टेबलावर ठेवला. ती विरोध करील याची मला भीती नव्हती. "आमच्या संस्कृतीत" असं म्हटलं की इथला सभ्य माणूस पुढे विचारत नाही, हे इतकी वर्षं राहून मला पक्कं ठाऊक होतं. ऑफिसात याच शब्दांवर मी कितीतरी ख्रिसमस पार्ट्या टाळल्या होत्या. खरं तर मिल्काबाईंची रीत काय, नागावला काय चालतं, याचं मला काडीचं ज्ञान नव्हतं. होतं ते त्यांनीच गाडीत दिलेलं होतं आणि ते मी सांगितलं त्याच्या उलट होतं. केर्तूला त्यातलं काही माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही दोघं मराठी, एवढं तिला पुरलं.

"माझं नाव सांगू नकोस," मी म्हटलं. "त्यांना वाईट वाटेल."

तिने मान हलवली. ती शब्द पाळणारी होती.

त्यानंतरच्या मंगळवारी तिने सगळ्यांसमोर सांगितलं की मोकळी जागा न ठेवता छापलेली चाल घ्यायची आणि ती लूसी गाईल. "निर्णय संगीताच्या दृष्टीने आहे, माझा आहे," ती म्हणाली. मिल्काबाई म्हणाल्या, "राइट यू आर, डिअर," आणि पर्स खांद्यावर नीट करून अल्टोंच्या रांगेत गेल्या.

गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "तिला घाण वाटलं असेल का रे?"

"नाही हो. तसं काही नसेल."

"तू विचार ना तिला. तुझ्याशी बोलते ती."

"विचारतो."

पुढच्या आठवड्यात मी सांगितलं की विचारलं, वेळेत बसत नव्हतं म्हणाली. मिल्काबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सर्जरीत तीस वर्षं लोकांच्या थापा ऐकलेली बाई. पण मी थाप मारीन असं त्यांच्या मनात आलं नसावं. निदान तेव्हा मी तसं समजलो.

"घरी करून बघितलं," त्या म्हणाल्या. "बेडरूमचं दार लावून. स्कार्फ बिर्फ घेऊन. काही येत नाही. एकटीचं रडणं म्हणजे नुसता खोकला. रडायला माणसं लागतात, दिनकर."

अजूनही वेळ होता. कॉन्सर्टला तीन आठवडे होते. केर्तूला जाऊन सांगायचं, माझी चूक झाली, इतकंच काम. मी मनाशी म्हणत राहिलो की आता लूसीला वाईट वाटेल.

कॉन्सर्ट रविवारी दुपारी होता. हॉल बऱ्यापैकी भरला होता. पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर मी सकाळी येऊन नावाच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. सुरू व्हायला थोडा अवकाश असताना मुलाचा फोन आला. रविवारची रुळांची कामं निघाली होती, मेडनहेडहून गाड्यांच्या जागी बसेस होत्या, आणि विहीणबाईंना बसमध्ये मळमळतं. सगळ्यांनी पुढच्या वेळी नक्की येऊ म्हणून सांगितलं होतं. मंडळातलं एक जोडपं आलं. मध्यंतरात केक खाऊन, पार्किंगचं कारण सांगून ते गेलं. ती रचना मध्यंतरानंतर होती. ज्यांच्यासाठी मी हे सगळं केलं त्यांच्यापैकी एकही माणूस तेव्हा हॉलमध्ये नव्हता. चिठ्ठ्या तशाच पडल्या होत्या.

लूसी छान गायली. मी तिच्या मागे, डाव्या बाजूला होतो आणि माझ्या पुढ्यात मिल्काबाई. छापलेल्या चालीत लूसीच्या खाली धरायचा तो एक सूर एकट्या अल्टोंकडे होता. बाकीच्या बायका श्वास घेताना चोरून घेत होत्या, आवाज कमीजास्त होत होता. मिल्काबाईंचा सूर जराही हलला नाही. त्यांची मान ताठ होती. आपल्या जागी दुसरी कोणी उभी आहे आणि तिला आपण खालून धरलंय, अशा त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. टाळ्या खूप झाल्या. कोट घालताना, म्हणजे कोट त्यांच्या अंगातच होता, त्याची बटणं लावताना त्या म्हणाल्या, "पोरगी स्वच्छ गायली. एक डाग नाही."

त्यानंतर त्या कॉयरमध्ये वर्षभर होत्या. खुर्च्यांवरून मला बोलणं, इंग्रज बायकांशी गंभीर चेहऱ्याने थापा मारणं, सगळं पहिल्यासारखं. केर्तूशी मात्र फक्त कामापुरतं बोलायच्या. केर्तूला ते कळत होतं. एकदा हॉल बंद करताना ती मला म्हणाली, "ती माझ्यावर रागावली आहे. पण तुझ्या सांगण्यावरून केलं ते बरोबरच केलं ना?" मी दिवे बंद करत होतो. हो म्हटलं. पुढे तिची आई आजारी पडली आणि ती फिनलंडला परत गेली. निरोपाच्या दिवशी मिल्काबाईंना पाठदुखी होती, त्या आल्या नाहीत.

मग त्यांचं हृदय थकलं आणि मुलीने त्यांना एडिनबराला नेलं. फोन व्हायचे. मराठी बोलायला तिकडे कोणी नव्हतं. "इथे मी टीव्हीशी मराठीत बोलते," त्या म्हणायच्या. "तो पण तुझ्यासारखाच. मान हलवतो, ऐकत नाही." प्रत्येक फोनला मी ठरवायचो आणि प्रत्येक फोन गोळ्यांवर संपायचा. अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत, असं मी स्वतःला बजावलं. ते सोयीचं होतं.

शेवटी मुलीने कळवलं की यायचं असेल तर लवकर या. मी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून सकाळची गाडी धरली. वाक्य तयार केलं होतं. लांब वाक्य अर्ध्यात मोडेल म्हणून ते कापत कापत गेलो. स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या बेरिकच्या पुढे समुद्र दिसायला लागला तेव्हा ते एका श्वासात म्हणता येईल इतकं झालं.

मुलीने दार उघडलं. "हाय अंकल. शी'ज बीन अप सिन्स सिक्स. खूप वाट बघतो तुमची." मराठीतलं तेवढं मोडकं वाक्य तिने माझ्यासाठी पाठ केलेलं दिसलं.

मिल्काबाई खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या. हाताची कातडी कागदासारखी झाली होती. मला पाहून म्हणाल्या, "आलास. किती रे म्हातारा दिसतोस. मी आजारी आहे, तुला काय झालंय?"

आम्ही बोललो. नागावच्या विहिरीवर, सर्जरीतल्या एका बाईवर, माझ्या नातीवर. त्या मध्येच डोळे मिटायच्या आणि जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायच्या. मुलगी चहा आणायला आत गेली. आता, असं मी मनाशी म्हटलं आणि खुर्ची पुढे ओढली.

तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "केर्तूचा फोन असतो का रे तुला?"

"असतो. ख्रिसमसला वगैरे."

"तिला एक सांग. माझ्या मनात काही नाही म्हणावं. त्या वेळी राग आला होता. फार आला. आमच्या यांना मी निरोप देणार होते आणि तिने मला गप्प केलं. वर्षभर तिच्याशी नीट बोलले नाही, निरोपाला गेले नाही. पाठबीठ काही दुखत नव्हती. पण इथे पडून विचार केला. परकी बाई, तिला काय कळणार? तिच्या कानाला ते कसं लागलं असेल कोण जाणे. तिची चूक नाही. सोडून दिलं म्हणून सांग."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"तुझं बरं होतं," त्या म्हणाल्या. "तू होतास म्हणून. त्या दिवशी म्हणताना मी स्कार्फखालून तुझ्याकडेच बघत होते. म्हटलं, एक तरी आहे ज्याला कळतंय. बाकीचे बिचारे सुरावर रडत होते." त्यांनी हात उशीवरून माझ्या हाताकडे सरकवला. "सांगशील ना तिला?"

वाक्य तोंडात होतं. पहिला शब्द त्यांचं नाव, तेही मी उच्चारलं. "मिल्काबाई," मी म्हटलं.

"हं?"

मुलगी ट्रे घेऊन आली. कप ठेवायला जागा करायला हवी होती म्हणून मी टेबलावरची औषधं बाजूला केली.

"सांगतो," मी म्हटलं.

आमचं तेच शेवटचं बोलणं. चहा पिताना त्यांना झोप लागली आणि माझ्या गाडीची वेळ झाली. त्यानंतर काही दिवसांतच त्या गेल्या. केर्तूला मी त्यांचा निरोप अजून दिलेला नाही. तो द्यायचा तर तिला आधी हे सांगावं लागेल की तिला कशाची माफी मिळाली आहे आणि ती खरी कोणी मागायला हवी होती. ख्रिसमसला तिचा फोन येतो, ती मिल्काबाईंची आठवण काढते, आणि मी हवेबद्दल बोलतो. हा लेख छापून आला की त्याचं इंग्रजी करून तिला पाठवीन.

बेरिकच्या पुढे तयार झालेलं वाक्य हे होतं. मिल्काबाई, केर्तूला मी अडवलं, माझ्या माणसांसमोर मला तुमची लाज वाटली, आणि तुमचं रडायचं राहिलं ते माझ्यामुळे. मला माफ करा.